बाकीचे नऊ
काल रात्रभर आईच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत प्रभूला विनवत होते. पहाटे ताप उतरला, तिला गाढ झोप लागली आणि मी लगेच कामाला जुंपले. दुपारी वाळलेल्या त्या पट्ट्यांच्या घड्या घालताना बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 17व्या अध्यायातले दहा कुष्ठरोगी आठवले. येशूच्या कृपेने शुद्ध, म्हणजे बरे, दहाही झाले, उपकार मानायला परत आला एकच, तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांनी परका मानलेला! बाकीचे नऊ कुठे, हा येशूचा प्रश्न आज थेट मलाच होता. डोळे भरून आले. प्रेषित पौल बायबलमधल्या आपल्या पत्रात ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ म्हणतो, म्हणजे आजारपणातसुद्धा (मला तर तापाच्या रात्रीच हे आठवायला हवं होतं). पट्ट्या हातात तशाच धरून गुडघे टेकले. आई आत्ताच उठलीये, भूक लागली म्हणतेय. प्रभू, तुझे खूप खूप आभार!