प्रयाग चिखली ते वाडी, पंचगंगेच्या काठाने

फेब्रुवारीच्या मध्यावर, ऊस गाळपाचा हंगाम ऐन भरात असताना, मामा आणि मी कोल्हापूरच्या गंगावेशीतून स्कूटर काढली आणि सकाळी सातच्या सुमारास प्रयाग चिखलीला पोहोचलो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि कोणी कधी न पाहिलेली सरस्वती अशा पाच नद्यांची मिळून इथून पंचगंगा होते आणि सुमारे ८० किलोमीटर वाहून नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळते. माझा सगळा जन्म या नदीच्या पाण्यावर गेला असला तरी ती सुरुवातीपासून शेवटापर्यंत मी एका दिवसात कधी पाहिली नव्हती. मामांनी इचलकरंजीतल्या एका प्रोसेसमध्ये, म्हणजे कापड रंगवण्याच्या कारखान्यात, तीस वर्षे जिगर या यंत्रावर कापड रंगवले आहे, आणि नदीबद्दल त्यांना जे माहीत आहे ते मला कुठल्याही अहवालात सापडले नव्हते, म्हणून मीच त्यांना गळ घातली होती.

चिखलीला पाणी हिरवट, पण नितळ होते. घाटाच्या खालच्या पायरीवरचे शेवाळ दिसत होते आणि त्यात बोटाएवढ्या माशांचा एक थवा एकाच दिशेला तोंड करून स्थिर उभा होता. मामा पायरीवर बसले, ओंजळभर पाणी घेऊन त्यांनी वास घेतला आणि म्हणाले, "हे ध्यानात ठेव. दुपारी विचारतो."

कोल्हापूर शहराजवळ नदी येते ती शिवाजी पुलाखालून. शहराने तिला काय द्यायचे ते जयंती नाल्यातून कळते. जुनी माणसे अजूनही त्याला जयंती नदी म्हणतात. कात्यायनीच्या बाजूने येणारा हा एके काळचा वाहता ओढा. शहराचे मैलापाणी या नाल्यावर अडवायचे, पंपाने उचलायचे आणि कसबा बावड्याच्या केंद्रात शुद्ध करायचे, अशी व्यवस्था आहे. बावड्याचे केंद्र रोज ७६ दशलक्ष लिटर क्षमतेचे आणि दुधाळीचे १७. म्हणजे आकडे कागदावर मोठे आहेत. पण उपसा बंद पडला, वीज गेली किंवा पाऊस झाला की नाला अडवलेल्या भिंतीवरून ओसंडतो आणि सरळ नदीत उतरतो, हे कोल्हापुरात पेपर वाचणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही.

हे मी मुद्दाम आधी लिहिते, कारण उद्योगांच्या प्रदूषणाचा विषय काढला की पहिले उत्तर हेच येते की आधी शहराचे सांडपाणी थांबवा. परिमाणाने पाहिले तर ते खोटेही नाही. नदीत जाणाऱ्या घाण पाण्यात घरगुती पाण्याचा वाटा मोठा असतो. पण लिटर मोजून दोष ठरवता येत नाही. घरगुती सांडपाण्याचा बीओडी, म्हणजे ते कुजवण्यासाठी जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरला साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो. मळीपासून मद्यार्क बनवणाऱ्या आसवनीतून निघणाऱ्या स्पेंटवॉशचा, ज्याला आमच्याकडे सरसकट मळीचे पाणी म्हणतात, तो ४० ते ६० हजारांपर्यंत जातो. नदीत सोडण्याच्या पाण्याची मर्यादा ३० आहे. हिशेब केला तर मळीच्या पाण्याचा एक टँकर हा सांडपाण्याच्या सुमारे २०० टँकरांच्या बरोबरीचा होतो. त्यामुळे "आमचे पाणी थोडेच" हे उत्तर ऐकले की मला गवताच्या गंजीजवळ एकच काडी ओढणाऱ्या माणसाची आठवण होते.

राजाराम बंधाऱ्यावर आम्ही बराच वेळ थांबलो. या प्रकारच्या बंधाऱ्याला साऱ्या महाराष्ट्रात कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात, आणि शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरीचे धरण हाती घेतले त्या जिल्ह्याला पाणी अडवण्याचा अभिमान असणे साहजिकच आहे. पावसाळा संपला की दगडी खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवतात, मध्ये माती भरतात आणि मागे पाणी तुंबते. शेतीला ते अमृत आहे. परंतु नदीत घाण सोडणाऱ्यालाही त्याची सोय होते, कारण अशा एकामागून एक बंधाऱ्यांमुळे हिवाळ्यानंतर पंचगंगा ही नदी न राहता तळ्यांची माळ होते. प्रत्येक तळ्यात वरून आलेले साचते, तळाशी बसते, कुजते. मासे मेले, गावे खवळली, की धरणातून पाणी सोडायचे, बरगे काढायचे आणि नदी "वाहती" करायची, हा ठरलेला उपाय. त्याने एका बंधाऱ्याचे काळे पाणी पुढच्या बंधाऱ्यात जाते. बंधाऱ्यावर गुरे पाजायला आलेल्या एका माणसाला मी विचारले की पाण्यावर हा तवंग कशाचा. त्याने मान पश्चिमेला वळवली आणि म्हटले, "वरनं येतंय."

हा शब्द पुढे दिवसभर आमच्या सोबत होता. रुकडीच्या बाजूला चहा प्यायलो तिथे तो ऐकला आणि रुईच्या बंधाऱ्यावर पुन्हा ऐकला. मध्ये रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. त्यांच्या मागे धुरळा खात जाताना गोडसर, आंबूस वास येऊ लागला तशी मामांनी मागे वळून न पाहता "ओळख" एवढेच म्हटले. ओळखायला काही नव्हते. मी त्याच वासात वाढले आहे, आणि लहानपणी तर मला तो दिवाळीनंतरच्या सुट्टीचा वास वाटायचा.

इचलकरंजीत मामीने पिठलं-भाकरी आणि खरडा वाढला. मोरीत, बोळात, जिन्याखाली निळी बॅरल भरून ठेवलेली होती, कारण नळाला पाणी काही दिवसांआड येते. पंचगंगा शहराच्या दाराशी आहे, तरी या शहराला पिण्याच्या पाण्यासाठी आधी कृष्णेकडे जावे लागले, मग वारणेचा प्रस्ताव झाला, मग दूधगंगेवरच्या सुळकूडचा, आणि दोन्हीकडच्या गावांनी विरोध केला. त्या गावांना मी दोष देऊ शकत नाही. आपली नदी नासवून शेजारच्याच्या नदीवर नळ जोडायला निघालेल्याला कोण हसतमुखाने पाणी देईल? २०१२ मध्ये इथे काविळीची मोठी साथ आली आणि माणसे दगावली, त्या वर्षाचा उल्लेख मामी आजही आवाज उतरवून करते.

जेवण झाल्यावर मामा मला काळ्या ओढ्याकडे घेऊन गेले. नावाप्रमाणेच आहे, मात्र त्या दिवशी तो काळाही नव्हता. काठाला जांभळट, मध्ये गढूळ तपकिरी. मी फोटो काढू लागले तेव्हा मामा म्हणाले, "रंगाचा फोटो काढतीस, पर रंग ही चुगली आहे गं. खरा चोर दिसत न्हाई. मीठ."

त्यानंतरची वीस मिनिटे मी फक्त ऐकत होते. सुती कापडावर रिॲक्टिव्ह रंग चढवायचा तर रंगाच्या बाथमध्ये, म्हणजे द्रावणात, भरपूर मीठ घालावे लागते, नाहीतर रंग धाग्याकडे ओढला जात नाही. रंग सगळा बसत नाही, काही भाग धुण्याच्या पाण्याबरोबर निघून जातो. मीठ तर सगळेच्या सगळे जाते, कारण कापडात राहण्यासाठी ते घातलेलेच नसते. वर कापडाला चमक आणायला मर्सराइझ करताना कॉस्टिक सोडा. नेहमीच्या प्रक्रिया केंद्रात गाळ खाली बसतो, जिवाणू सेंद्रिय घाण खातात, रंगही बराचसा उतरवता येतो, पण विरघळलेले मीठ जसेच्या तसे पलीकडे पडते. ते काढायचे तर पाणी पडद्यांतून दाबाने गाळून उरलेला खारा भाग आटवावा लागतो, आणि त्याला वीज, वाफ आणि पैसा लागतो. म्हणून आउटलेटचे पाणी स्वच्छ दिसते, पाहुण्यांना दाखवता येते, आणि तेच पाणी खालच्या शिवारातल्या उसाला वर्षानुवर्षे मीठ पाजत राहते.

"मग तपासणार कसं?" मी विचारले.

"लाइटबिल बघायचं," मामा म्हणाले. "ईटीपीला, म्हंजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटला, वेगळा मीटर असतो. ब्लोअर चोवीस तास फिरला असंल तर युनिट पडल्यात का न्हाई? गाळ निघाला असंल तर गेला कुठं? मीठ किती पोती घेतलं? बाटलीत काय बघता, वहीत बघा."

मी कायद्याची विद्यार्थिनी होते आणि मला हे कोणी शिकवले नव्हते. आमच्याकडे कायद्यांची वानवा नाही. जलप्रदूषणावर महाराष्ट्राने केंद्राच्याही आधी, १९६९ मध्ये कायदा केला. १९७४ चा केंद्रीय कायदा त्यानंतरचा. १९८८ च्या दुरुस्तीनंतर कारखान्याची वीज आणि पाणी तोडण्याचा आदेश देण्याचा अधिकार प्रदूषण नियंत्रण मंडळाला आला. प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये भारतीय कायद्याचा भाग मानले, आणि चालू स्थितीतले प्रक्रिया संयंत्र नसेल तर उद्योग चालूच देऊ नये, असे २०१७ मध्ये सांगितले. पंचगंगेसाठी तर मुंबई उच्च न्यायालयात स्वतंत्र जनहित याचिका चालली आणि नीरीसारख्या पर्यावरण संशोधन संस्थेला त्यात लक्ष घालावे लागले. अडचण पुराव्यापाशी येते. १९७४ च्या कायद्याच्या २१ व्या कलमानुसार न्यायालयात टिकणारा नमुना घ्यायचा तर कारखानदाराला तिथल्या तिथे नोटीस द्यावी लागते, तो हजर असेल आणि मागेल तर त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करून सील करावे लागतात, सह्या घ्याव्या लागतात. हे न्याय्यच आहे. मात्र असा नमुना आउटलेटवर घेता येतो. तीस किलोमीटर खाली मेलेल्या माशाच्या शेजारून भरलेल्या बाटलीवर कोणाची सही घेणार? बीओडीची चाचणी २७ अंशांवर तीन दिवस चालते. तेवढ्यात ते पाणी कुठल्या कुठे गेलेले असते.

भरपाईचेही तसेच. केंद्रीय मंडळाने पर्यावरणीय भरपाईचे जे सूत्र दिले आहे त्यात उद्योगाची प्रदूषणक्षमता, आकार, ठिकाण यांना उल्लंघनाच्या दिवसांनी गुणायचे असते. सूत्र चांगले आहे, फक्त दिवस किती धरायचे यावर सगळे अवलंबून राहते. संयंत्र वर्षभर बंद असेल आणि नोंद एकाच रात्रीची झाली, तर एकाच रात्रीचे पैसे. मामांचे लाइटबिल इथे उपयोगी पडते, कारण ते दर महिन्याला येते. याच कायद्याच्या २५ व्या कलमात आणखी एक तरतूद आहे जी मी किती तरी वेळा वाचून पुढे गेले होते: कोणत्या उद्योगाला कोणत्या अटींवर संमती दिली याची नोंदवही मंडळाने ठेवायची असते आणि ज्याचा संबंध येतो, ज्याला झळ बसते, अशा माणसाला ती पाहता येते. पंचगंगेच्या काठावर झळ न बसलेला माणूस मला त्या दिवशी भेटला नाही, आणि ती वही पाहिलेलाही भेटला नाही. मी स्वतः त्यातलीच एक.

परत स्कूटरवर बसताना मामा एवढेच म्हणाले, "पयल्या वळवाला बघ कधी येऊन. गावात पाऊस चार आणे पडतो, वड्याला पूर बारा आण्याचा." पाऊस पडला की त्यात सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करण्याची ही युक्ती त्यांनी सांगितली ती कुणाचे नाव न घेता, आणि मीही विचारले नाही. त्यांची पेन्शन, त्यांच्या मुलाची नोकरी, बोळातल्या निम्म्या घरांची चूल त्याच धंद्यावर चालते. कारखाना बंद करा असे काठावर उभे राहून म्हणणे मला सोपे आहे. मामांना नाही, आणि त्यांनी दिवसभरात एकदाही तसे म्हटले नाही. खर्च कारखान्याच्या खात्यात पडला पाहिजे, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

तेरवाडच्या बंधाऱ्यावर पोहोचलो तेव्हा ऊन कलले होते. बरग्यांना लागून जलपर्णीचा थर होता आणि त्याच्या कडेने मासे तोंडे पाण्याबाहेर काढून हवा ओढत होते. पाण्यातला ऑक्सिजन लिटरला चार मिलिग्रॅमच्या बराच खाली गेला की असे होते. मासा पृष्ठभागावर येतो, कारण तिथे पातळसा का होईना श्वास घेण्याजोगा थर असतो. काही आधीच पांढरी पोटे वर करून तरंगत होते. प्रत्येक कल्ला उघडताना दिसत होता, मिटताना दिसत होता, आणि दोन उघडण्यांमधले अंतर वाढत चालले होते. दोन मुले गुडघाभर पाण्यात उतरून ते हाताने उचलून घमेल्यात टाकत होती, जाळ्याची गरजच नव्हती. मामांनी त्यांना विकू नका म्हणून दटावले. थोरला म्हणाला, "जित्तं हायती की!"

तिथे मामांनी सकाळचा प्रश्न विचारलाच नाही.

नृसिंहवाडीला दिवेलागण झाली होती. महापुरात कृष्णा मंदिरात शिरून पादुकांवरून दक्षिणद्वाराने बाहेर पडते, तेव्हा त्या पाण्यात स्नानाला इथे गर्दी लोटते. त्या संध्याकाळी पायऱ्या जवळजवळ मोकळ्या होत्या. मामीने निघताना प्लास्टिकची रिकामी बाटली हातात दिली होती, वाडीचे तीर्थ आणायला. आधी बासुंदी आणि कवठाची बर्फी घेऊन झाली, मग मामा पँट दुमडून पाण्यात उतरले. मी म्हटले, "मामा, संगमाच्या खाली नको. वरच्या अंगाला, कृष्णेचं घ्या."

ते थांबले. उत्तरेकडे, जिकडून कृष्णा येते तिकडे, त्यांनी हात केला. "तिकडं सांगली. तिची घाण आणणारा शेरी नाला ठाऊक आहे नव्हं?"

"मग?"

त्यांनी तळव्याने पाण्यावरचा फेस दोनदा बाजूला सारला, बाटली तिरकी धरून बुडबुडे संपेपर्यंत भरली, झाकण घट्ट लावले आणि खांद्यावरच्या टॉवेलने पुसून माझ्याकडे दिली.

"देवघरात ठेवायची आहे," ते म्हणाले, "उघडू नको."