तुम्ही विचारलंत म्हणून: गेममधली गोळी

"२६/११ ला तू सीएसटीवर होतास ना, मग हे माणसं मारायचे गेम तुला खेळवतात तरी कसे? ती हिंसा नाही का?" लग्नाच्या पंगतीत विचारून झालंय, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये विचारून झालंय, आणि विचारणाऱ्याचा चेहरा दरवेळी असा की बघ, कसा सापडला. म्हणून एकदा नीट लिहितो.

नाही, ती हिंसा नाही. पब्जीत मी ज्याला मारतो तो लॉबीत, म्हणजे गेमच्या सुरुवातीच्या स्क्रीनवर, परत जातो आणि दुसरी मॅच लावतो. त्या रात्री सीएसटीवर ५८ माणसं गेली, कितीतरी जण लांबच्या गाड्यांसाठी सामान घेऊन हॉलमध्ये थांबलेले. या दोन गोष्टी एका तागडीत टाकल्या की मला राग येतो, आणि तो गेमची बाजू घ्यायची म्हणून नाही, त्या माणसांसाठी येतो.

मी लोकलच्या बाजूला होतो. डोळ्यांनी काही बघितलं नाही, आवाज ऐकले, आधी वाटलं फटाके. अनाउन्सर विष्णू झेंडे माइकवरून एक नंबर प्लॅटफॉर्मच्या मागच्या बाजूने बाहेर पडा म्हणून सांगत होते, ते सांगत राहिले म्हणून माझ्यासारखे कितीतरी बाहेर पडले. माझ्याकडे सांगण्यासारखं एवढंच आहे.

आता मॉडर्न वॉरफेअर २. हा गेम १० नोव्हेंबर २००९ ला आला, हल्ल्याला वर्षही झालं नव्हतं. डोंबिवलीला मित्राच्या घरी, त्याच्या पीसीवर बसलो होतो. त्यात 'नो रशियन' नावाचं मिशन आहे, रशियातल्या एअरपोर्टवर अतिरेकी गोळीबार करतात आणि आपण त्यांच्यात घुसवलेला सीआयएचा माणूस. गेम आधीच विचारतो, हा भाग त्रासदायक वाटेल, वगळायचा का. मित्र म्हणाला, "वगळ रे, तुला कशाला." मी नाही वगळला, कारण तेव्हा मी सगळ्यांना ठणकावून सांगायचो की हे नुसते पिक्सेल आहेत.

लिफ्टचं दार उघडतं, पाच जण बाहेर येतात, समोर सिक्युरिटी चेकला लोक उभे. गोळी झाडायची सक्ती नाही, बाकीचे झाडतातच. मीही झाडल्या. आणि काही वाटलं नाही, खरं सांगतो, बोटं नेहमीसारखी चालत होती. मग सवयीने पळायला शिफ्ट दाबलं तर पळता येईना. परत दाबलं, नाही. त्या मिशनमध्ये तुम्हाला त्यांच्याबरोबर सावकाश चालायलाच लावलंय. बॅगा पडल्यात, कोणीतरी फरशीवरून सरपटतंय, आणि आपण मात्र शतपावलीला निघाल्यासारखे चाललोय. तिथे माझ्या पोटात ढवळलं. सेबॅस्टियन डिसोझांनी काढलेला सीएसटीचा फोटो तुम्ही बघितलाय, पाठीवर बॅग, हातात एके-४७, आणि त्या कसाबला कसलीही घाई नाही. मी कीबोर्डवरचा हात काढून घेतला. मित्राने सरळ मशीन बंद केलं. नंतर त्याने कधी विषय काढला नाही, मीही नाही.

म्हणाल, बघ, झालाच की परिणाम. झाला ना, मी कुठे नाही म्हणतोय? पिक्सेलवाला तो पोरगा आज भेटला तर मी त्याच्याशी भांडेन, नुसते पिक्सेल होते तर पोटात का ढवळलं तुझ्या? तो म्हणेल, थिएटरात रडतोस तेव्हा पडद्यावर खरी मयत असते का? त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण जे झालं ते रक्त बघून झालं नाही, चालण्यामुळे झालं, आणि हे मला विचारणाऱ्यांना सांगून कळत नाही, त्यांचं लक्ष रक्तावरच. १९९९ ला कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाला तर डूम नावाच्या गेमला धरलं. मार्च २०१९ मध्ये राजकोटला पोलिसांनी पब्जीवर बंदी घातली, खेळणाऱ्या पोरांना अटकसुद्धा केली. मग २०२१ ला आपल्याकडे बीजीएमआय, म्हणजे पब्जीचाच भारतातला अवतार, आलं, त्यात 'किल'चं 'फिनिश' झालं आणि रक्त हिरवं. हिरव्या रक्ताने कोणाचं काय भलं होतं ते मला कोणीतरी समजावून सांगा. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये पुन्हा सांगितलं की ओरडणं, ढकलाढकली अशा आक्रमकपणाशी थोडा संबंध दिसतो, पण खऱ्या हिंसाचाराचं खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही. तो थोडा संबंध मी नाकारत नाही, मॅच हरल्यावर माझा आवाज चढतो हे घरच्यांना माहीत आहे.

'नो रशियन' मी आजवर पूर्ण केलेलं नाही. शेवटी त्या अतिरेक्यांचा म्होरक्या मकारोव आपल्यालाच गोळी घालतो हे नंतर वाचून कळलं. ते काढून टाकायला पाहिजे होतं म्हणाल तर माझा विरोध आहे, रशियातल्या आवृत्तीतून काढलंच होतं, पण माझ्यापुरतं त्या एका मिशनने जे दाखवलं ते न्यूज चॅनलवाल्यांनी तीन दिवस लाइव्ह दाखवूनही दाखवलं नव्हतं. फक्त त्या रात्री लांबच्या गाड्यांच्या बाजूला असलेला कोणी हे मिशन बघून म्हणाला की ही हिंसाच आहे, तर हे वरचं सगळं मी त्याच्यासमोर बोलणार नाही.