८०० ची दारं, नवीन बीडिंग आणि आईच्या पायाखालचं पाणी

काल रात्रभर पाऊस पडला आणि सकाळी उठल्याउठल्या मी खाली जाऊन गाडीतल्या मॅटखाली हात घालून बघितलं. कोरडं. मागे डावीकडे, आई बसते तिथंपण कोरडं. इतकं बरं वाटलं की चहा व्हायच्या आधीच लिहायला बसलोय.

गाडी २००३ ची मारुती ८००, बाबांनी घेतलेली, दोनदा रीपासिंग (नोंदणीचं नूतनीकरण) झालंय, आता २०२८ पर्यंत बघायला नको. ८०० बनणं २०१४ च्या जानेवारीतच बंद झालं पण पार्ट अजून मिळतात. आमच्या सोसायटीत शेडचं पार्किंग नाही, त्यामुळे एप्रिल-मेचं ऊन आणि पुढचे चार महिने पाऊस, सगळं ती उघड्यावरच काढते. आणि दाराच्या कडेनं बसवलेल्या रबराच्या पट्टीची, म्हणजे बीडिंगची, वाट लावतं ते ऊन, पाऊस फक्त ते आपल्याला दाखवून देतो. दाराखाली वर्षानुवर्षं दाबलेलं रबर शेवटी चपटंच राहतं, दार उघडलं तरी परत फुगत नाही, कोपऱ्यात तर भेगाच पडतात.

गेल्या पावसाळ्यात सिंहगड रोडला ट्रॅफिकमध्ये अडकलेलो तेव्हा आई मागून म्हणाली, "अरे, माझ्या चपला भिजल्यात." त्या दिवसापासून ती पायाखाली प्लॅस्टिकची पिशवी अंथरून बसायला लागली, तक्रार काही केली नाही, पण मला ते बघवायचं नाही. एका गॅरेजवाल्याने दाराच्या कडेनं सिलिकॉन (फटी बुजवायची पेस्ट) भरून दिलं, ते महिनाभर टिकलं आणि त्याच्यामागे पाणी साचून पत्र्याला गंज धरला. याचा राग मला अजून आहे, कारण रबर गेलं असेल तर रबर बदलायचं असतं, वरून लिंपायचं नसतं.

या वेळी आधी पाणी येतंय कुठून तेच शोधायचं ठरवलं. भाच्याला टॉर्च देऊन आत बसवलं, दारं बंद केली आणि मी बाहेरून पाइपने पाणी सोडलं, आधी खाली, मग हळूहळू वर. एकदम टपावर पाणी ओतलं तर ते सगळीकडूनच ओघळतं आणि काही कळत नाही, म्हणून खालून वर. काचेच्या उंचीला आलो तसा तो ओरडला, "मामा, वरच्या कोपऱ्यातून थेंब येतोय!" मागच्या डाव्या दाराचा वरचा कोपरा. पण नुसतं तेवढंच नव्हतं. काचेच्या फटीतून दाराच्या आत थोडं पाणी जातंच, कुठल्याही गाडीत जातं, आणि ते दाराच्या तळाला असलेल्या बारीक भोकांतून बाहेर पडायला पाहिजे. आमची ती भोकं चिखलाने गच्च भरलेली. झाडूची काडी घालून मोकळी केली तर काळं पाणी धो धो बाहेर आलं, म्हणजे ते दारात साठून आतल्या पॅडच्या बाजूने गाडीत झिरपत होतं. कुणाच्याही जुन्या गाडीत पाणी येत असेल तर बीडिंग आणायच्या आधी ही भोकं बघा प्लीज.

बीडिंग आणायला नाना पेठेत गेलो. दुकानात काकांनी दोन तुकडे समोर ठेवले, म्हणाले, "दोन्ही दाबून बघा आणि सोडा." एक होतं पीव्हीसीचं, दाबलं तर हळूहळू उठत होतं, दुसरं ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचं, सोडल्यासोडल्या जागेवर. ईपीडीएमला ऊन आणि हवा सोसते, पीव्हीसी उन्हात कडक होतं. जास्त पैसे गेले पण दुसरंच घेतलं, चारही दारांचं. पत्र्यावर बसते त्या खाचेत आत लोखंडी पट्टी आहे ना तेपण बघून घ्या, पकड तिचीच असते.

जुनी बीडिंग ओढली की नुसती निघून आली. खालचा गंज पॉलिश पेपरने घासला, प्रायमर मारला आणि एक दिवस वाळू दिला, इथे घाई नाही केली कारण गंजक्या कडेवर नवीन बीडिंग बसवली तर गंज आतल्या आत पत्रा खात राहतो.

बसवायचं काम तसं सोपं आहे पण एक चूक सगळे करतात, बीडिंग ताणून बसवतात. ताणलेलं रबर उन्हाने परत आखडतं आणि कोपऱ्यातून सुटतं. मी दाराच्या खालच्या उंबऱ्याच्या मध्यावर सुरुवात केली, म्हणजे जोड खाली येतो, वर आला असता तर पाणी नेमकं तिथूनच आत आलं असतं. कोपऱ्यात उलट थोडी जास्तच बीडिंग आत ढकलत गेलो, रबरी हातोडीने हलके ठोकत. शेवटी दोन सेंटिमीटर जास्त ठेवून कापली आणि दोन्ही टोकं एकमेकांवर दाबून बसवली. मग दारात कागद धरून दार लावायचं आणि कागद ओढायचा, सहज निघाला तर तिथे फट आहे. एका कोपऱ्यात निघाला, तेवढा भाग काढून परत बसवला. वरून सिलिकॉन स्प्रे मारला, तेल किंवा ग्रीस अजिबात नाही, त्याने हे रबर फुगून खराब होतं.

दारं सध्या जड लागतायत, दोनदा ओढावी लागतात, रबर अजून बसायचंय. ड्रायव्हरच्या दाराचं कुलूप जिथे अडकतं तो खिळा थोडा बाहेर सरकवायचाय, ते रविवारी.

आत्ता आईला सांगितलं, चल, मावशीकडे सोडतो. म्हणाली, "पिशवी घेऊ का पायाखाली?" म्हणलं नको.