तुम्ही विचारलंत म्हणून: कार्टून बघून लेकरू शिकतं का?

अंगणवाडीतली पालकसभा लातूरकडची असो की हिंगोलीकडची, हा प्रश्न येतोच. "शिक्षणाचं आहे म्हणून कार्टून लावून देतो, पण त्यातून लेकरू खरंच शिकतं का?" शिकतं. मात्र लेकरू तीन ते पाच वर्षांचं हवं, मालिका पारखून घेतलेली हवी आणि शेजारी कुणीतरी मोठं माणूस बसलेलं हवं. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच राहून जातं.

दोन वर्षांच्या आतल्या लेकरांना काहीच लावू नका. समोरच्या माणसानं करून दाखवलेलं ती पटकन उचलतात, तेच पडद्यावर दिसलं तर फार थोडं उचलतात. पुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलं आहे. माझ्या मते शिकण्यासाठी पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

मालिका निवडताना आधी तुम्ही एकट्यानं एक भाग बघा. मधलं एक मिनिट आवाज बंद करून बघा आणि जागा बदलली की बोट मोडा. घरातून रस्त्यावर, रस्त्यावरून समुद्रात, असं सारखं चाललं असेल तर ती मालिका सोडून द्या. २०११ साली अमेरिकेत चार वर्षांच्या साठ मुलांवर एक प्रयोग झाला. काहींना नऊ मिनिटं वेगवान कार्टून दाखवलं, त्यात साधारण दर ११ सेकंदांनी दृश्य बदलत होतं. काहींना संथ मालिका दाखवली, तिच्यात ३४ सेकंदांनी. उरलेल्यांना चित्रं काढायला बसवलं. लगेच नंतर "डोक्याला हात लावा म्हटलं की पायाला लावायचा" अशा तऱ्हेची, मन आवरून करायची कामं दिली, तेव्हा वेगवान कार्टून बघितलेली मुलं मागे पडली. हा परिणाम किती वेळ टिकतो ते त्या प्रयोगात तपासलेलं नव्हतं, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण अंगणवाडीला निघायच्या आधी तसलं काही लावू नये, एवढं त्यातून नक्की घ्या.

दुसरं बघायचं ते प्रश्नानंतरची शांतता. १९९६ ला अमेरिकेत सुरू झालेल्या 'ब्लूज क्लूज'मध्ये एक खरा माणूस आणि चित्रातली निळी कुत्री आहे. तो माणूस लेकरांना प्रश्न विचारतो आणि थांबतो. शिवाय तिथं एकच भाग सोमवार ते शुक्रवार रोज दाखवत. पुन्हा पुन्हा बघून लेकरांची समज वाढते आणि पडद्याला उत्तर देणंही वाढतं, हे त्याच मालिकेवरच्या अभ्यासात दिसलं. म्हणून "तेच तेच काय लावतोस?" असं लेकराला म्हणू नका. आठवडाभर एकच भाग लावा. प्रश्न विचारून पात्र लगेच पुढे पळत असेल, तर बटण दाबून तुम्हीच थांबवा आणि मनात पाच अंक मोजा. लहान लेकराला उत्तर जुळवायला तेवढा वेळ लागतोच.

आता भाषेची अडचण. चांगल्या मालिका बहुतेक इंग्रजीत, आणि पाठ झालेल्या इंग्रजी गाण्याला आपण शिकणं समजतो. लेकरू अख्खं गाणं म्हणतं आणि "दोन कांदे आण" म्हटलं की ओंजळभर आणतं. यावर सोपा उपाय म्हणजे आवाज बंद करून मराठीत सांगत जाणं. २०१७ पासून बीबीसीवर असलेली 'नंबरब्लॉक्स' त्यासाठी उत्तम. भाग पाचेक मिनिटांचे. प्रत्येक अंक म्हणजे तितक्या ठोकळ्यांचं पात्र: एक लाल, एकाच डोळ्याचा, चार हिरवा, चौकोनाचं वेड असलेला. दोनावर तीन चढले की पाच होतात, ते डोळ्यांना दिसतं, त्याला इंग्रजी लागत नाही.

भाग संपला की पडदा बंद करून पाच लिंबं घ्या. चिंचोके किंवा हरभरे नकोत, लेकरं नाकात घालतात. दोन इकडे, तीन तिकडे ठेवा आणि "सगळी मिळून किती?" विचारा. मग एक लिंबू उचलून तिकडच्या ढिगात टाका: आता एक आणि चार. परत विचारा. बरीच लेकरं पुन्हा पहिल्यापासून मोजतील, मोजू द्या. ढीग बदलले तरी लिंबं पाचच राहतात, हे हळूहळू ध्यानात येतं आणि एक दिवस लेकरू न मोजता "पाचच की!" म्हणतं. ते यायला आठवडे लागू शकतात.

आई-बाप रानात आणि घरी आज्जी, अशी बरीच घरं आहेत. तिला इंग्रजी येत नाही म्हणून अडत नाही. "ते का रडायलंय रे?" "आता कुठं जाईल ते?" असले दोन-तीन प्रश्न तिनं विचारले की काम झालं. उत्तर चुकलं तरी लगेच दुरुस्त करू नये, "मग बघू" म्हणावं आणि पुढं बघावं.

सगळं बिघडतं ते बहुधा आपोआप लागणाऱ्या पुढच्या व्हिडिओमुळे. ऑटोप्ले बंद करा. लाइटीचा आणि रेंजचा भरवसा नसतो, तेव्हा ठरलेला भाग आधीच अ‍ॅपमध्ये डाउनलोड करून ठेवा आणि लावताना फोन विमान मोडवर टाका. जेवताना लावू नका. तोंडात घास असलेलं लेकरू उत्तर देत नाही आणि पोट भरल्याचंही त्याला कळत नाही. बंद करायच्या आधी "हा भाग संपला की बंद" हे सुरुवातीलाच सांगा, भाग अर्धवट तोडू नका. तरी पहिले चार-पाच दिवस रडारड होईल. तेव्हा लगेच हातात लिंबं द्या.

पात्र बोलायच्या आधीच लेकरू पुढचं सांगू लागलं, की दुसरा भाग निवडा.