मुरलीकांत पेटकर: मुष्टियुद्धाच्या रिंगणातून जलतरण तलावाकडे

सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर लष्कराच्या ईएमई (यंत्रे व उपकरणांची देखभाल-दुरुस्ती करणाऱ्या) विभागात जवान असताना मुष्टियोद्धा म्हणून नाव कमावत होते. परंतु १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या, त्यांतील एक मणक्यात रुतली आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. उपचारांचा भाग म्हणून सुरू झालेल्या पोहण्यातच त्यांना खेळाकडे परतण्याची वाट सापडली. १९७२ मध्ये पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर फ्रीस्टाइल शर्यत ३७.३३ सेकंदांत, विश्वविक्रमासह जिंकून त्यांनी भारताला पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले; ऑलिम्पिकमधील पहिले वैयक्तिक सुवर्ण त्यानंतर ३६ वर्षांनी आले. पद्मश्री मात्र त्यांना २०१८ मध्ये मिळाली, आणि हा विलंब मला आजही मनापासून खुपतो.