चेन ढिली आहे

अनंत चौदसला रात्री इंदुरात कुणी झोपत नाही. गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत मिलवाल्यांच्या झांक्या, म्हणजे ट्रॉलीवरचे हलते देखावे, रात्रभर निघतात. आमचं घर जेल रोडला लागून, त्यामुळे त्या दिवशी ओट्यावर कोण कोण येऊन बसेल याचा नेम नसतो. आई संध्याकाळीच दोन किलो पोहे निवडून ठेवते. पहाटे लागतातच.

माझे काका एका मिलमध्ये फिटर होते. मिल चालू होती तेव्हा झांकीची वर्गणी पगारातून कापली जायची. पुढे एकेक मिल बंद पडली. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद झाली आणि तिथल्या कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी मंजूर व्हायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. मधल्या काळात झांक्या मात्र निघतच राहिल्या, कोरोनाची दोन वर्षं सोडली तर. पगारच नाही तर वर्गणी कुठून? मग काका आणि त्यांचे सोबती दुकानोदुकानी पावतीपुस्तक घेऊन फिरायचे. कुणी रोख द्यायचा, कुणी कापडाचा तागा, कुणी नुसता आपला वेल्डर दोन रात्रींसाठी पाठवायचा. काकांना या तिसऱ्या माणसाचं जास्त कौतुक.

हनुमानाचा हात कसा हलतो, हे मी लहानपणी झांकीच्या खाली शिरून पाहिलंय. एक मोटर, सायकलची चेन आणि एक लाकडी चाक. चाकाचं भोक मुद्दाम मधोमध पाडत नाहीत, जरा बाजूला पाडतात. त्यामुळे चाक फिरलं की त्यावर टेकलेला दांडा वर-खाली होतो, आणि दांड्याला हात बांधलेला. एवढंच. त्या एवढ्याशासाठी दीड महिना जागरण!

एका वर्षी खजुरी बाजारात चेन तुटली. हात वर गेला तो तसाच. मागे दुसऱ्या मिलची झांकी, तिच्यापुढे आखाडेवाले, सगळे खोळंबले. गर्दीतून एक पोरगा ओरडला, "भिया, मेरी सायकल की ले लो!" आणि खरंच चेन काढून घेऊन आला. पैसे घ्यायला तयार नव्हता. उरलेली रात्र ट्रॉलीवर बसून जायचं मात्र त्यानं कबूल करून घेतलं.

हल्ली मदत देणाऱ्यांचे चेहरे फ्लेक्सवर झांकीपेक्षा मोठे दिसतात. चिडचिड होते माझी. पुढे लांब बांबूनं विजेच्या तारा उचलत चालणाऱ्या पोरांचा फोटो कुठल्याच फ्लेक्सवर मी अजून पाहिलेला नाही. त्यांनी हात आखडला तर झांकी पहिल्याच चौकात अडकेल.

काकांना आता धड दिसत नाही. ओट्यावर खुर्ची टाकून बसतात. गेल्या वर्षी एक झांकी समोरून जात होती, आम्ही सगळे वर बघत होतो, आणि हे डोळे मिटून नुसतं ऐकत होते. एकदम म्हणाले, "चेन ढिली आहे. खजुरीपर्यंत जायची नाही."

आणि माझ्या धाकट्या भावाला पाना देऊन पिटाळलं.