सहा पडला तर काय करायचं

लुडो खेळून मोठं झालेल्या माणसाच्या डोक्यात सहा म्हणजे चांगला आणि एक म्हणजे वाईट हे पक्कं बसलेलं असतं. सहा पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर निघत नाही, सहा पडला की परत टाकायला मिळतं, आणि एक पडला की समोरचे दात काढतात. हे इतक्या लहानपणी शिकवलेलं असतं की त्यावर कोणी शंका बिंका घेत नाही. मीपण घेतली नव्हती. मग इथल्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला शिकणाऱ्या माझ्या भाच्यानं मोबाईलवर 'डायसी डन्जन्स' नावाचा गेम टाकून दिला, म्हणाला मावशी रंगीत गोळ्या फोडत बसण्यापेक्षा हे खेळ, आणि स्वतः क्लासला निघून गेला. शिकवायचं वगैरे काही नाही. आजकालच्या मुलांना वाटतं टाकून दिलं म्हणजे शिकवलं.

तर गेम असा आहे. टीव्हीवरच्या गेम शोसारखा शो चाललेला असतो, त्याची होस्ट आहे लेडी लक, म्हणजे भाग्यलक्ष्मीच म्हणा पण जरा खवट स्वभावाची. बक्षिसाच्या आशेनं आलेल्या स्पर्धकांना ती चालते-बोलते फासे करून टाकते आणि तळघरात सोडते. योद्धा, चोर, रोबो, शोधक, चेटकीण आणि विदूषक असे सहा जण, आपण त्यातला एक व्हायचं, मजल्यामागून मजला उतरायचा, वाटेत भेटेल त्याच्याशी लढायचं. लढाई आळीपाळीनं. आपली पाळी आली की फासे पडतात, आणि समोर आपले पत्ते मांडलेले असतात, तलवार, ढाल, असं काय काय. फासा उचलायचा आणि पत्त्यावर ठेवायचा. तलवारीवर पाच ठेवला तर समोरच्याला पाच लागतात, संपलं. हे बनवलंय टेरी कॅव्हनाह नावाच्या आयरिश माणसानं. २०१८ मध्ये सात दिवसांत गेम बनवायची एक चॅलेंज असते त्यात त्यानं कच्चा नमुना केला आणि पूर्ण गेम आला १३ ऑगस्ट २०१९ ला. ती तारीख वाचून मी थांबलेच, कारण त्या आठवड्यात इकडे आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर जाऊन आली होती आणि अख्खी सांगली चिखल उपसत होती, तेव्हा तिकडे कोणीतरी चालणारे फासे विकायला काढत होतं हे आम्हाला कळायचं काही कारणच नव्हतं. मोबाईलवर तो यायला २०२२ उजाडलं.

योद्ध्यापासून सुरू करायचं, तो सगळ्यात साधा. त्याच्याकडे तलवार असते आणि एका टर्नमध्ये तीनदा फासा परत टाकायची सोय. इथं लुडोवाली अक्कल चालते, मोठा आकडा म्हणजे मोठा मार, एक पडला की परत टाक, दोन पडला की परत टाक. फक्त हिशोब जरा फसवा आहे. तीनदा टाकायला मिळतंय म्हणजे सहा पडायची शक्यता निम्मी, असं कोणालाही वाटतं, एक षष्ठांश गुणिले तीन. तसं नसतं. तीन टाकण्यात एकदा तरी सहा पडायची शक्यता २१६ पैकी ९१, म्हणजे साधारण बेचाळीस टक्के. सहाची वाट बघत बसणारा योद्धा म्हणूनच हातातले बरे चार-पाच पण घालवतो आणि मग दोन घेऊन मारायला जातो. भाचा म्हणतो प्रोबॅबिलिटी आम्हाला सेकंड इयरला होती. असेल. मला ती एका बेडकानं शिकवली, यात बेडूकपण लढायला येतो.

मजा सुरू होते चोरापासून. चोराकडे खंजीर आहे, आणि खंजिरावर लिहिलेलं असतं, जास्तीत जास्त तीन. म्हणजे एक, दोन, तीन यातलं काहीही ठेवा, चालेल, आणि एकदा वापरून संपत नाही, फासे असतील तेवढ्या वेळा भोसका. पण चार, पाच, सहा? ते त्याच्या खाचेत बसतच नाहीत. म्हणजे झकास दोन सहा पडलेत आणि आपण त्यांच्याकडे बघत बसलोय, कारण चोराच्या दृष्टीनं सहा म्हणजे आठवडी बाजारात धरलेली पाचशेची नोट, भाजीवाली म्हणते सुट्टे द्या. तर सुट्टे करायला त्याच्याकडे दुसरा पत्ता असतो, लॉकपिक. त्यावर सहा ठेवला की त्याचे दोन फासे होतात, कधी तीन-तीन, कधी पाच-एक. तीन-तीन झाले तर दोन्ही खंजिरावर, सहाचे सहा वसूल. पाच-एक झाले तर एक वापरला जातो आणि पाच परत तसाच बोंबलत बसतो.

मी त्या चोराला घेऊन कितीतरी वेळ बसले होते आणि तिथं पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की मी फासे पडताना मनात "सहा नको सहा नको" म्हणतेय. चाळिशी उलटल्यावर लुडो उलटा झाला.

मग तसंच सगळीकडे दिसायला लागलं. योद्ध्याला पुढं बॅटल अ‍ॅक्स मिळते, ती ठेवलेल्या आकड्याच्या दुप्पट मारते पण चारपर्यंतच घेते. म्हणजे चार ठेवला तर आठ लागतात, आणि सहा तलवारीवर ठेवला तर सहाच. आता सांगा मोठा कोण, चार का सहा? काही पत्त्यांना समच आकडा लागतो, काहींना विषम, काही पत्ते उलटी मोजणी करत बसतात, टर्नमागून टर्न त्यांना थोडं थोडं भरवायचं आणि शून्य झालं की ते वाजतात, तिथं कुठलाही भुक्कड एक-दोन चालून जातो. समोरचा पण गप्प बसत नाही. एक बर्फाचा माणूस आहे, तो गोठवतो, आणि गोठवलं की आपला सगळ्यात मोठा फासा जागच्या जागी एक होऊन जातो. योद्धा हातात असेल तर शिव्या घालाव्या वाटतात. चोर असेल तर, हं, ठीकय, आण इकडं, खंजिरावर एक तर एक, आधी तो सहा होता तेव्हा तरी कुठं कामाचा होता. आग लागलेला फासा वापरायचा तर आपलीच दोन हेल्थ मोजावी लागते, तिथं मात्र माझं मन अजून घट्ट होत नाही, मी ती दोन हेल्थ वाचवायला बघते आणि डाव हातचा जातो. स्वभाव आहे.

अशा पत्ते जमवत खेळायच्या गेमला डेक-बिल्डिंग म्हणतात. म्हणजे पत्त्यांचा कॅट आयता मिळत नाही, खेळता खेळता आपणच जमवायचा. आपल्या मेंढीकोट किंवा पाच-तीन-दोनमध्ये बावन्न पत्ते सगळ्यांचे, पिसून वाटले की आलेल्या हातावर भागवायचं आणि वाटणाऱ्याच्या नावानं बोटं मोडायची. डेक-बिल्डिंगमध्ये आपला कॅट वाईट असेल तर बोटं मोडायला दुसरं कोणी नसतं. हा प्रकार लोकांच्या तोंडी झाला तो २००८ च्या 'डोमिनियन'पासून, डोनाल्ड व्हॅकारिनोचा टेबलावर खेळायचा गेम, त्यात प्रत्येकाला सुरुवातीला सारखेच दहा पत्ते मिळतात, सात तांब्याचे पैसे आणि तीन इस्टेटी, आणि तिथून पुढं कोण काय विकत घेतो त्यावर कॅट बनत जातो. आणि गंमत म्हणजे त्यातली हुशार माणसं पत्ते घेण्यापेक्षा टाकून देण्याच्या मागं लागतात, कारण दहा पत्त्यांत दोन चांगले असले तर ते फिरून फिरून हाती येतात, तीस पत्त्यांत तेच दोन असले तर बघा वाट. आमच्या घरात ही अक्कल कोणालाच नाही, माळ्यावर तीन कुकर आहेत आणि एकाचीही शिट्टी नाही.

डायसी डन्जन्समध्ये तर जागाच मोजून दिलेली. समोर ठरावीक खणांपुरतेच पत्ते मांडता येतात, बाकीचे पिशवीत, आणि ती बॅटल अ‍ॅक्स एकटीच दोन खण अडवते. म्हणजे ती घ्यायची तर कोणाला तरी उठवायचं. पेटी उघडली, नवा पत्ता मिळाला, की मी आधी खूश व्हायचे. आता पत्ता मिळाला की आधी त्याच्या खाचेकडे बघते, काय मागतोय हा, आणि माझ्याकडे आधीच असलेले काय मागतायत. सगळ्यांनाच सहा हवा असेल तर माझं घर सहावर चाललंय, आणि फासा काय कुणाचा नोकर नाही. एकाला लहान, एकाला मोठा, एकाला काहीही चालणारा, असं असलं की पडेल ते दान कुठं ना कुठं बसतं. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला हो ना, ते तर बेसिक आहे. मग सांगायचं ना आधी!

बाबांना यातलं काही पटत नाही. ते बुद्धिबळवाले, आणि सांगलीतले बुद्धिबळवाले म्हणजे काय ते सांगलीबाहेरच्यांना सांगूनही कळत नाही. १९४१ पासून नूतन बुद्धिबळ मंडळ आहे इथं, भाऊसाहेब पडसलगीकरांनी उभं केलेलं, त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या भाग्यश्री साठे, म्हणजे ठिपसे, पाच वेळा महिलांच्या राष्ट्रीय विजेत्या झाल्या. ज्या गावात असं आहे तिथं फासे हातात घेणं म्हणजे बाबांच्या मते अगदीच पोरकटपणा. "पटावर कसं, सगळं उघडं. हरलास तर तूच हरलास. फाशात माणूस हरला तरी म्हणतो दान पडलं नाही." मी म्हटलं, "बाबा, तुम्ही हरलात की म्हणता आज डोकं दुखत होतं." यावर त्यांनी पेपर वर केला.

पण त्यांच्या म्हणण्यात अर्थ नाही असं नाही. आपल्याकडे फाशाला चांगलं नाव कधीच नव्हतं, ऋग्वेदात सुद्धा फाशापायी घरदार घालवलेल्या जुगाऱ्याचं रडगाणं आहे, महाभारताचं तर सोडाच. फक्त त्याच महाभारतात वनपर्वात नळाची गोष्ट आहे आणि तिच्यातला एक तुकडा मला या गेमच्या नादात परत वाचावासा वाटला. नळ राज्य हरलेला, बाहुक नावानं ऋतुपर्ण राजाचा सारथी झालेला. रथ भन्नाट चाललाय, आणि वाटेतलं बेहड्याचं झाड बघून राजा नुसत्या नजरेनं सांगतो, याच्या दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आणि २०९५ फळं आहेत. नळाला खरं वाटत नाही, तो रथ थांबवून झाड तोडतो आणि मोजत बसतो. आकडा बरोबर! मग राजा म्हणतो मला फाशांचं मर्म पण येतं, मोजणी पण येते, आणि नळ त्याच्याकडून अक्षहृदय घेतो, बदल्यात त्याला घोड्यांची विद्या देतो. आता बेहडाच का, तर त्या काळी फासे म्हणून बेहड्याची फळंच वापरायचे, आपल्या त्रिफळा चूर्णातला तोच बेहडा. म्हणजे ज्यानं कोणी ही गोष्ट रचली त्याला फासे आणि मोजणी एकाच घरातल्या आहेत हे चांगलं ठाऊक होतं. आणि अक्षहृदय शिकल्यावर नळाच्या अंगातला कली बाहेर पडून त्याच बेहड्याच्या झाडात शिरतो, हे तर मला फारच आवडतं. बाबांना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, पाच कोटी पानं मोजायला नळाला रिटायर व्हावं लागलं असतं.

दुसरा त्रास शेजारचा. हॉस्पिटलात चुलत सासऱ्यांना दाखवायला नेलं होतं, नंबर यायला वेळ होता म्हणून मी चोर काढला, तर बाजूला बसलेल्या आजींनी मोबाईलवर फासे आणि पत्ते एकत्र बघितले आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "पैसं लावून खेळतीस होय गं?" त्यांचं चुकलं नाही, कितीतरी पोरं त्या रमीच्या नादानं कर्जात गेली, २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला तोवर प्रत्येक मॅचच्या मध्ये त्याच जाहिराती चालायच्या. मी सांगितलं, आजी पैशाचा नाही, नुसता खेळ आहे. त्या म्हणाल्या, "मग जिंकून काय मिळतं?" आता काय सांगणार, लेडी लक शेवटी चाक फिरवते आणि तिथंही हातात काही धड पडत नाही? मी म्हटलं, "काही नाही." आजींना ते जास्तच काळजीचं वाटलं असावं, त्यांनी सुनेला हाक मारून जागा बदलून घेतली.

सध्या चेटकिणीपाशी अडले आहे. भाच्याच्या मते चेटकीण सगळ्यात भारी. मला ती मुळीच पटत नाही. तिच्याकडे पत्ते मांडून ठेवलेले नसतात, मंत्रांचं पुस्तक असतं, त्यात एक ते सहा अशी पानं, आणि तीन पडला तर तीन नंबरचा मंत्र, पाच पडला तर पाच नंबरचा, असं फासा खर्चून आधी मंत्र बाहेर काढायचा आणि मग तो वापरायला आणखी फासे हवेत. म्हणजे लहान नको मोठा नको, इथं आकडा नुसता घरनंबर झालाय, आणि कोणत्या घरात कोणाला ठेवायचं हे मी ठरवायचं. शिवाय निम्मे फासे मांडामांडीतच जातात, मारायला उरत नाहीत, समोरचा मात्र मारून मोकळा. माझं चारचं पान अजून रिकामं आहे, कारण तिथं काय ठेवावं ते ठरत नाहीये, आणि काल रात्रीपासून चारच पडतायत. भाच्याला मेसेज टाकलाय. त्याची परीक्षा आहे म्हणे.